हातच्यांची शिट्टी

सोमवारी सकाळी अकराला हातच्यांनी पेटीवर झाकण ठेवलं आणि ते बसलं नाही. त्यांनी दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं, चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं. झाकण आणि पेटी यांच्यात चार बोटांची फट राहिली ती राहिलीच.

पेटी होती कान तपासायच्या यंत्राची. घरोघरी आणि शाळांमधून फिरून लोकांचे कान तपासणाऱ्या एका सिस्टरसाठी हा छोटासा कारखाना ते यंत्र बनवत होता. त्यांचं जुनं यंत्र नऊ किलोचं, शिवाय चार अडॅप्टर आणि त्यांच्या वायरींचा गुंता वेगळाच. ते वाहून वाहून सिस्टरांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता म्हणे. म्हणून नव्या यंत्राची पेटी आधी त्यांच्या पिशवीच्या मापाने करून घेतली आणि आत काय बसवायचं याचा विचार मागाहून सुरू झाला. बरीच मोठी कामं याच क्रमाने होतात, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

पेटीत बॅटरी एक आणि मागणारी तोंडं चार. स्क्रीनला पाच व्होल्ट हवेत, मुख्य चिपला तीन आणि वर थोडे, प्रिंटरला बारा, आणि हेडफोनमध्ये बारीक आवाज सोडणाऱ्या भागाला पंधरा. बॅटरी बिचारी एकच व्होल्टेज देणार. ते ज्याला जसं हवं तसं बदलून देणारे चार कन्व्हर्टर निवडायचे आणि एका लहानशा सप्लायमध्ये बसवायचे, एवढंच हातच्यांचं काम. एवढंच म्हणायचं, पण त्यांच्या नोकरीची एकतीस वर्षं याच कामात गेली होती.

हातचे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या चिठ्ठीवर काय ते शिल्लक होतं. 'हातचं राखून ठेवा' हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की कारखान्यात त्यांना तेच नाव पडलं, आणि नवीन आलेली माणसं तर 'तुम्ही मूळचे कुठले हातचे?' असं विचारून मोकळी होत. दोन अँपिअर लागत असतील तिथे चारची सोय करायची, हा त्यांचा खाक्या. बसला वीस मिनिटं लागत, हे पन्नास मिनिटं आधी घरून निघत. खिशात दोन पेनं, आणि दोन्ही आटली तर असावी म्हणून पेन्सिल. लोक चेष्टा करायचे. पण एकतीस वर्षांत हातच्यांचा एकही सप्लाय जळला नव्हता, आणि हे चेष्टा करणाऱ्यांनाही नाकारता येत नव्हतं.

तर त्या फटीपाशी मालक येऊन उभे राहिले.

"हे काय आहे?"

"सप्लाय आहे साहेब."

"मला वाटलं यंत्राच्या आत सप्लाय असतो. हे तर सप्लायच्या आत यंत्र दिसतंय."

"जरा हातचं राखून केलाय," हातचे म्हणाले.

"ते दिसतंय मला लांबून. हे बघा, शुक्रवारी सिस्टर येतायत. तोवर झाकण लागलं तर उत्तम. नाही लागलं तर मी बाहेरून तयार सप्लाय मागवणार. आणि एकदा तयार मागवायला लागलो की मग या टेबलाचं काय करायचं, तेही बघावं लागेल."

मालक वाईट माणूस नव्हते. टेबलाबद्दल बोलले, टेबलावरच्या माणसाबद्दल बोलले नाहीत, एवढी त्यांनी भीड राखली. पण हातच्यांना कळायचं ते कळलं. निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं. आपण आपल्या पायांनी उठून जायचं, टेबल काढून घेतलं म्हणून नाही, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती, आणि तिच्यात मात्र हातचं काही राखलेलं नव्हतं.

त्यांनी वही उघडली. स्क्रीनचं काम बघणारी मुलगी, वय सव्वीस, कामाला चोख, हिने स्क्रीनला एक अँपिअर लागेल असं लिहून दिलं होतं. हातच्यांनी त्याचे दोन केले होते. प्रिंटरवाले त्यांच्याच वयाचे, त्यांनी तीन लिहिले होते, त्याचे सहा केले होते. आवाजाच्या भागाचं आणि चिपचंही तेच. आकडे कमी करायचे म्हणजे हातच्यांना अंगावरचे कपडे कमी करायला सांगितल्यासारखं झालं. तेव्हा आकडे राहू देत, कन्व्हर्टरची जात बदलू, असं त्यांनी ठरवलं.

कन्व्हर्टरच्या जाती ढोबळमानाने दोन. पहिली शांत. ती जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून उधळून टाकते, त्यामुळे तापते, आणि तिला थंड ठेवायला अॅल्युमिनियमचे भलेमोठे ठोकळे लावावे लागतात. हातच्यांचा सगळा जीव या जातीवर, आणि चार बोटांची फट ती या ठोकळ्यांचीच. दुसरी जात चुळबुळी. ती सेकंदात लाखो वेळा चालू-बंद होत हवं तेवढंच पुढे सोडते. आकाराने लहान, तापणं नाही, ठोकळे नाहीत. हातच्यांनी कपाळाला आठ्या घालून ही दुसरी जात निवडली, पण दुप्पट ताकदीची.

मंगळवारी संध्याकाळी ते याच विचारात घरी गेले. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. काकूंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"सगळं ठीक आहे ना घरी?"

हा प्रश्न काकू हल्ली आठवड्यातून दोनदा विचारत, आणि हातचे त्याला हसून मान हलवत. त्याचं कारण असं, की गेल्या दोन वर्षांत त्यांच्या बायकोचा आवाज चढला होता. आधी ती अशी नव्हती. आता 'चहा ठेवू का?' हेसुद्धा ती अशी विचारायची, की नको म्हणायची सोय नसे. वयाने माणूस चिडचिडं होतं, अशी हातच्यांनी स्वतःची समजूत घातली होती. त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आपण किती समजून घेतो, याचं त्यांना मनातल्या मनात कौतुक होतं, आणि हे कौतुक करायला दुसरं कोणी नसल्याने तेच ते रोज थोडं थोडं करत.

बुधवारी दुपारी नवा सप्लाय पेटीत बसला. झाकण लागलं. खट असा आवाज झाला आणि हातच्यांच्या जिवात जीव आला. तासभर यंत्र चालू ठेवलं, तरी आत हात घातला तर गार. त्यांनी मालकांना बोलावलं, प्रिंटरवाल्यांना बोलावलं. स्क्रीनवाली मुलगी बोलावल्याशिवाय आली.

"सर, शिट्टी वाजतेय," ती म्हणाली.

"कसली शिट्टी?"

"बारीक. पेटीतून. हेडफोन लावला की जास्तच."

हातच्यांनी हेडफोन लावला. शांत. मालकांनी लावला. शांत. प्रिंटरवाल्यांनी लावला आणि डोळे मिटून चांगलं अर्धं मिनिट उभे राहिले. त्यांनाही शांत.

"मुली, तुझे कान वाजत असतील," प्रिंटरवाले म्हणाले. "दिवसभर गाणी लावून बसतेस."

"पण सर, मी—"

"तीन माणसांना ऐकू येत नाही म्हणजे नाहीये," मालक म्हणाले. "आपण मतदान घेऊ शकतो, पण ते मी आत्ताच घेतलं असं समज."

मग यंत्राची परीक्षा सुरू झाली. परीक्षा साधी होती. हेडफोन लावायचा, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. आवाज आधी घोगरे, मग बारीक, मग अगदी बारीक होत जातात, आणि शेवटी प्रिंटर एका कागदावर रेघ काढून देतो. कान चांगले असतील तर रेघ सरळ.

आधी हातचे बसले. रेघ छान सरळ निघाली आणि उजव्या टोकाला, बारीक आवाजांपाशी येऊन खाली घसरली. मालक बसले, त्यांचीही घसरली. प्रिंटरवाले बसले, तर त्यांची इतकी घसरली की कागदाबाहेरच गेली.

तिघांनी तीन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"प्रिंटर तिरका ओढतोय," मालकांनी निकाल दिला.

"माझा प्रिंटर?" प्रिंटरवाल्यांना मिरच्या झोंबल्या. पण पुरावा समोर होता. तीन माणसं, तीन कागद आणि तिन्ही रेघा उजवीकडेच घसरलेल्या. त्यांनी मान खाली घातली आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला.

मग स्क्रीनवाली बसली. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत बटणावरचं बोट उचललंच नाही. यंत्राने रेघ काढलीच नाही, नुसतं 'पुन्हा तपासा' असं छापून दिलं.

"बटण आवाज आला की दाबायचं असतं," मालक समजुतीने म्हणाले.

"आवाज सारखाच येतोय सर. शिट्टीचा."

"तू जरा विश्रांती घे."

गुरुवारचा अख्खा दिवस प्रिंटर सरळ करण्यात गेला. प्रिंटरवाल्यांनी कागदाचा रूळ बदलला, पट्टा बदलला, डाव्या बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा घालून पाहिला. दुपारी म्हणाले, की मोटरला करंट कमी पडत असेल, तेव्हा हातच्यांनी सहा अँपिअरचे आठ केले. ज्याला त्याला मागेल त्याच्याहून जास्त द्यायचं, यात त्यांना नेहमीच बरं वाटे. संध्याकाळी पुठ्ठ्याचा तुकडा अशा काही जागी बसला, की हातच्यांची रेघ शेवटपर्यंत सरळ आली. तिघांनी चहा घेतला. स्क्रीनवालीला कोणी बोलावलं नाही, आणि ती आलीही नाही.

शुक्रवारी दहाला सिस्टर आल्या. पस्तिशीच्या, चेहऱ्याने शांत, खांद्याला नऊ किलो. त्यांनी जुनं यंत्र खाली ठेवलं, खांदा चोळला आणि नवी पेटी एका हाताने उचलून पाहिली. त्यांचा चेहरा असा काही खुलला, की हातच्यांना आपलं टेबल पुढची दहा वर्षं जागेवर दिसायला लागला.

मग त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला.

"मी कोणाच्याही कानाला लावायच्या आधी स्वतःच्या कानाला लावते," त्या म्हणाल्या. "सवय आहे." आणि लगेच कपाळाला आठी. "यात शिट्टी वाजतेय."

कोपऱ्यातल्या टेबलावर स्क्रीनवाली मुलगी आपल्या स्क्रीनकडे फार लक्ष देऊन बघायला लागली.

"सिस्टर, ती शिट्टी इथे फक्त एका मुलीला ऐकू येते," मालक म्हणाले. "आम्ही तिघांनी नीट तपासलंय."

"तुम्हा तिघांची वयं काय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा तांत्रिक मुद्दा कोणी काढला नव्हता.

"काका, या बसा," सिस्टर हातच्यांना म्हणाल्या. "दोन मिनिटं."

त्यांनी आपलं जुनं यंत्र उघडलं, हातच्यांच्या कानाला जुना हेडफोन लावला आणि बटण हातात दिलं. हातच्यांनी मन लावून परीक्षा दिली. घोगरे आवाज आले, मग जरा बारीक आले. मग बराच वेळ काही आलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं संपली. पण सिस्टर अजून एकेक कळ फिरवत होत्या, आणि फिरवताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी कागद पुढे ठेवला. रेघ सरळ होती आणि उजवीकडे खाली घसरली होती.

"बघा," हातचे उत्साहाने मालकांना म्हणाले, "यांचाही प्रिंटर तिरका ओढतोय."

"काका," सिस्टर हळूच म्हणाल्या, "या यंत्राला प्रिंटर नाही. खुणा मी पेनाने केल्यात."

हातच्यांनी कागद उचलला. पेनच होतं, निळ्या शाईचं. त्यांनी तो कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मालकांना त्याच क्षणी एक महत्त्वाचा फोन करायचा आठवला. प्रिंटरवाल्यांनी मुकाट्याने जाऊन प्रिंटरमधला पुठ्ठ्याचा तुकडा काढून घेतला.

"वयाने होतं हे," सिस्टर म्हणाल्या. "घाबरण्यासारखं नाही. बारीक आवाज आधी जातात, आणि इतके हळूहळू जातात की गेलेले कळतही नाहीत. हा कागद घरी दाखवा." मग त्या पेटीकडे वळल्या. "पण सोमवारी माझ्याकडे शाळेतली साठ मुलं आहेत. ही शिट्टी मुलांना सगळ्यात आधी ऐकू येणार. साठच्या साठ बटण दाबून बसतील. ज्यांचे कान खरंच अधू आहेत, ती दोन-चारच यात पास होतील."

फोन न करताच परत आलेले मालक म्हणाले, "मी आजच बाहेरून तयार सप्लाय मागवतो."

"उद्या चारपर्यंत थांबा," हातचे म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला असावा, कारण मालक एक पाऊल मागे सरकले आणि थांबले.

सिस्टर गेल्यावर हातचे टेबलापाशी बसून राहिले. त्यांना लाज वाटत होती. कान गेल्याची तितकी नाही. एका सव्वीस वर्षांच्या मुलीने सरळ खरं सांगितलं, आणि आपण तिघांनी मिळून तिला विश्रांती घ्यायला लावली, याची. ती लाज घेऊनच ते उठले आणि तिच्या टेबलापाशी गेले.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "आता तुझे कान मला एक दिवस उसने दे. जी वस्तू मला ऐकू येत नाही, ती मी दुरुस्त कशी करू?"

मुलगी हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने खुर्ची ओढली, पेटीजवळ बसली आणि म्हणाली, "शिट्टी वाजली की बोट वर करते सर. थांबली की खाली."

सप्लाय चालू झाला. बोट वर. हातच्यांनी एकेक कन्व्हर्टर बंद करून पाहिला. स्क्रीनचा बंद केला, बोट जरा खाली आलं. आवाजाच्या भागाचा बंद केला, बोट आणखी खाली. चारही जण शिट्टी घालत होते, कोणी कमी, कोणी जास्त. हातच्यांनी डोकं खाजवलं. मग त्यांनी प्रिंटरचा तेवढा चालू ठेवला, कपाटातून गाडीचा एक जुना दिवा काढला आणि तो प्रिंटरच्या कन्व्हर्टरला जोडून दिला. दिवा लागला आणि बोट सरळ खाली गेलं. दिवा काढला, बोट वर. लावला, खाली.

"कमाल आहे," मुलगी म्हणाली. "काम वाढवलं की गप्प बसतोय."

आणि हातच्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या चुळबुळ्या जातीला काम फारच थोडं दिलं, की ती सलग चालत नाही. क्षणभर चालते, क्षणभर बसते, पुन्हा चालते. तीच तिची शीळ. आठ अँपिअरच्या गड्याला इथे चिमूटभर काम होतं, आणि उरलेला वेळ तो शिट्टी वाजवत बसला होता.

"स्क्रीनला खरं किती लागतं?" त्यांनी विचारलं.

"एक अँपिअर, सर. लिहून दिलंय."

"ते लिहिलेलं झालं. खरं?"

मुलगी खाली बघायला लागली. "मोजलं तेव्हा पाव आला होता. पण तुम्ही नेहमी म्हणता ना हातचं राखा. म्हणून एक लिहिला."

हातचे प्रिंटरवाल्यांकडे गेले. त्यांनी आधी खूप आढेवेढे घेतले, मग कबूल केलं, की लागतो दीड, आणि तोही छापतानाच. तीन लिहिले, कारण हातच्यांकडे कमी लिहून गेलं की ते संशयाने बघतात. आवाजाच्या भागाचा हिशोब खुद्द मालकांनी दिला होता, आणि तो त्यांनी कुठून काढला हे त्यांनाही आठवेना. म्हणजे प्रत्येकाने हातच्यांच्या धाकाने हातचं राखलं, त्यावर हातच्यांनी आपलं राखलं, आणि मूठभर कामासाठी सुपाएवढा सप्लाय उभा राहिला. कोणी खोटं बोललं नव्हतं. सगळे काळजीने वागले होते, आणि त्या काळजीची शिट्टी वाजत होती.

शनिवारी सकाळी हातच्यांनी आपलं कपाट उघडलं. त्यात सगळ्या मापांचे कन्व्हर्टर एकेक जोडी ठेवलेले होते, कधी लागले तर असावेत म्हणून. हा एक स्वभाव तरी त्या दिवशी उपयोगी पडला. त्यांनी लागेल तेवढ्याच मापाचे निवडले, वर अगदी थोडं, पोळू नये इतपत. आवाजाच्या भागाची खरी गरज एवढीशी निघाली, की तिथे त्यांच्या लाडक्या शांत जातीचा नखाएवढा तुकडा पुरला, आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा लागलाच नाही. तरी प्रत्येक लहान तुकडा बसवण्याआधी त्यांनी वहीतला आकडा दोनदा पाहिला. एकतीस वर्षांत इतकं नेमकं त्यांनी कधी काही बसवलं नव्हतं.

पेटी चालू केली. त्यांनी मुलीच्या बोटाकडे पाहिलं. बोट टेबलावर पडून होतं. त्यांनी स्क्रीन उजळली, प्रिंटर चालवला, पुन्हा सगळं शांत केलं. बोट हललं नाही.

"झोपलीस का?"

"नाही सर. खरंच काही वाजत नाहीये."

मालक उत्साहाने हेडफोन लावायला पुढे आले. "तुमचं मत नको," हातचे त्यांना म्हणाले, आणि मालकांनी हेडफोन निमूट मुलीच्या हातात दिला.

चारला सिस्टर आल्या. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, बराच वेळ तशाच राहिल्या आणि मग हसल्या. पेटीत आता इतकी जागा उरली होती, की हेडफोनही आतच मावला. त्यांनी पेटी पिशवीत टाकली, पिशवी उजव्या खांद्याला अडकवली आणि सवयीने एका बाजूला झुकल्या. मग वजन नाही हे लक्षात येऊन सरळ झाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "काका, तो कागद घरी दाखवलात का?"

हातच्यांनी दाखवला नव्हता. तो खिशात होता, दोन पेनं आणि एका पेन्सिलीच्या मागे.

घरी गेल्यावर त्यांनी तो बायकोपुढे ठेवला. "माझे कान थोडे गेलेत," ते म्हणाले.

बायकोने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहितीये," ती म्हणाली. अर्थात मोठ्याने.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. दाराची बेल वाजायची आणि तुम्ही पेपर वाचत बसायचात."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगून काय झालं असतं? बेल वाजत नाही म्हणून दोनदा बेल बदललीत तुम्ही. तुमचे कान खराब झालेत म्हटलं असतं, तर तिसऱ्यांदा बदलली असतीत."

हातच्यांनी दारावरच्या नव्याकोऱ्या बेलकडे पाहिलं.

"मग म्हटलं, जाऊ दे," बायको म्हणाली. "मीच आवाज वाढवला."

"पण एवढा लागत होता?"

"एवढा नसेल लागत. पण नेमका किती लागतो ते मला काय कळणार. म्हणून जरा हातचं राखून बोलत होते."

हातचे खुर्चीत बसले. दोन वर्षं त्यांनी बायकोला मोठ्या मनाने माफ केलं होतं, आणि त्या सबंध काळात ती घसा ताणून त्यांना सांभाळून घेत होती. आपल्या समजूतदारपणाचं इतके दिवस केलेलं कौतुक त्यांना आता गिळवेना.

"नेमका किती लागतो ते काढू या," ते शेवटी म्हणाले. "मी इथे बसतो. तू तिकडे दारात उभी राहा. बोलत राहा आणि आवाज कमी कमी करत जा. ऐकू आलं की मी बोट वर करतो."

"काय बोलू?"

"काहीही."

"नळ गळतोय," बायको तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. बोट वर. "तुमच्या बहिणीचा फोन आला होता." जरा खाली. बोट वर. "तुम्ही घोरता." आणखी खाली. बोट जरा नाराजीने, पण वर. मग तिचे ओठ हलले आणि हातच्यांचं बोट मांडीवरच राहिलं.

"आत्ता काय म्हणालीस?"

"ते राहू दे. गेली दोन वर्षं मी या आवाजात बरंच काही बोललेय. तुमच्या कानाला यंत्र लागलं की माझी ती सोय जाणार."

मग तिने आवाज एक पायरी वर आणला. साधा, घरातला, पूर्वीचा आवाज.

"दमलात का आज?"

हातच्यांनी बोट वर केलं. हाच प्रश्न ती गेली दोन वर्षं रोज विचारत होती, पण ओरडून विचारलेला तो त्यांना जाब विचारल्यासारखा वाटायचा आणि ते पेपरमागे जायचे. बोट तसंच वर ठेवून ते बसून राहिले. आपण याला उत्तरही द्यायचं असतं, हे त्यांना जरा उशिराच सुचलं.

"थोडा," ते म्हणाले. "आणि तू?"

त्यानंतर ते दोघं बराच वेळ बोलत बसले, त्याच आवाजात. मध्येच बायको थांबली. "बेल वाजतेय," ती म्हणाली आणि उठून दार उघडायला गेली.

दारात खालच्या काकू उभ्या होत्या, चेहरा काळजीने उतरलेला. "अहो, तास झाला, तुमच्या घरातून एक शब्द ऐकू आला नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, वर जाऊन बघावं तरी. सगळं ठीक आहे ना?"

बायकोने सवयीने मोठा श्वास घेतला, मग तो सोडून दिला आणि साध्या आवाजात म्हणाली, "अगदी ठीक आहे, काकू."

काकू एक पाऊल पुढे आल्या आणि त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

हातचे उठले. त्यांनी आपली खुर्ची काकूंसाठी पुढे सरकवली आणि तो कागद टेबलावर नीट पसरून ठेवला.

"काकू, या, बसा," ते म्हणाले. "दोन मिनिटं."